सात प्रकरणांपुरती

मित्रांनो, मला उचलाल तर दोन्ही हातांनी उचला, माझी शिवण सुटली आहे. मी एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीची शाळेतली प्रत आहे. समुद्रावर गेलेला मुलगा आणि किनाऱ्यावर वाट पाहणारा त्याचा म्हातारा बाप, एवढीच माझी गोष्ट.

छापखान्यातून आले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी खिडकीत बसून वाचेल, जेवायचं विसरेल. पण माझी नेमणूक झाली सातवीच्या वर्गात, शब्दार्थ शिकवायला. बाईंची पद्धत ठरलेली. अवघड शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची, समासात अर्थ लिहायचा आणि वर्ष संपलं की पुढच्या मुलांसाठी सगळं खोडून ठेवायचं. परीक्षेला पहिली सात प्रकरणं. पुढे कुणी फिरकत नसे. निकाल चांगले लागत, बाईंचं कौतुक होई, थोडं माझंही.

मात्र खोडरबर नुसती पेन्सिल पुसत नाही, कागदाचे तंतूही सोबत नेतो. त्यामुळे माझे सोपे शब्द टवटवीत राहिले आणि अवघड शब्दांखालचा कागद विरत गेला. यंदा पाचव्या प्रकरणात भोकच पडलं.

या वर्षी मी भिंगरीच्या वाट्याला आले. ती एका जागी बसत नाही, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव.

"बाई, माझ्या पुस्तकात शब्दच नाहीये. 'म्हातारा', मग भोक, मग 'होऊन किनाऱ्यावर बसला'."

"भोकाचा अर्थ लिही," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

"शेजारणीच्या पुस्तकात बघ," बाई म्हणाल्या.

"थांबा ना, ओळखते." तिने मागचं पान वाचलं, मग पुढचं. "सगळ्यांच्या होड्या आल्यात, याच्या मुलाची नाही. कुणी बोलायला आलं तरी हा मान वर करत नाही. नुसता रडवेला नाही हो, आतून गळून गेलाय."

बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला. "विषण्ण. अर्थ तू सांगितलासच."

"मग मुलगा येतो का परत?"

"आपल्याला सातच प्रकरणं आहेत गं." त्यांचा आवाजही माझ्याइतकाच दमलेला होता.

त्याच आठवड्यात ग्रंथपाल काका फाटकी पुस्तकं रद्दीसाठी गोळा करायला आले. भिंगरीने मला पोटाशी धरलं.

"काका, मुलगा आला की देते."

"कुणाचा मुलगा?"

"म्हाताऱ्याचा. गोष्टीतल्या."

"शनिवारी रद्दीवाला येतोय. तोवर वाच."

खरं सांगते, मी इतकी थकले होते की मला रद्दीची भीती नव्हती. भीती एवढीच, की याही वेळी गोष्ट अर्ध्यात राहील. आठव्या प्रकरणापासून माझी पानं एकमेकांना चिकटलेली होती. मधल्या सुट्टीत ती एकेक पान हलक्या बोटांनी सोडवायची.

शनिवारी तिने मला परत नेलं तेव्हा काका सुतळीने गठ्ठे बांधत होते.

"आला का गं मुलगा?"

"मी नाही सांगणार. तुम्ही वाचा."

"मला कुठला वेळ," म्हणत काकांनी मला गठ्ठ्यावर ठेवलं. मग उगाच शेवटचं पान उघडायला गेले.

"शेवटून नाही हं, काका."

काका खुर्चीत टेकले. रद्दीवाला दारात आला, तेव्हा ते दुसऱ्या पानावर होते. "गठ्ठे तेवढे घे," मान वर न करता ते म्हणाले.

मित्रांनो, रेघा मारा, अर्थ लिहा, आमची तक्रार नाही. वापराने आम्ही झिजतो, पण दमतो ते पुढे काय झालं हे कुणीच विचारत नाही म्हणून. तेवढं विचारत जा.