तीन नम्र उमेदवार

गावाला समुद्राची कूस, समुद्राला बर्फाची वेस. त्या गावच्या विद्यापीठात बोटींवर चढणाऱ्या बर्फाचा अभ्यास करायला पीएचडीची एकच जागा निघाली. तीन वर्षांची, पगारी.

गुनवोरला ती जिवापाड हवी होती. दर्याचं पाणी उडतं, बोटीवर गोठतं, थरावर थर चढतो, आणि वजन झेपेनासं झालं की बोट कुशीवर वळते. तिच्या बापाची बोट अशीच गेली. बाप वाचला, त्याचा सोबती वाचला नाही.

पण हवंय हे सांगायचं कसं? त्या मुलखात स्वतःची थोरवी स्वतःच गायली, तर शेजारी पडदे ओढून घेतात.

मुलाखतीला तिघं: गुनवोर, ट्रुल्स आणि आसने नावाची मुलगी. कुणाला आपण विशेष आहोत असं वाटायला नको, म्हणून समितीनं तिघांना एकत्रच बसवलं. टेबलावर कॉफी, गरम वॉफल, तपकिरी चीज.

"ट्रुल्स, तुला काय येतं?" प्राध्यापक हालवारनं विचारलं.

"विशेष काही नाही," ट्रुल्स म्हणाला. त्यानं बनवलेलं बर्फ मोजायचं यंत्र तीन देशांत वापरात होतं. "एक डबा आहे. कधी कधी चालतो."

"छान," समितीतली बेरित म्हणाली आणि त्याला चांगले गुण दिले. "आसने, तुझं?"

"त्याच्या डब्यापुढे माझं काय गं! चार गणितं मांडलीत. चुकली असतील."

"चुकली कसली! मी तपासलीत," ट्रुल्स कळवळला. "हालवार, जागा हिलाच दे."

"वेडा आहेस का? त्याला दे. मी अर्ज मागे घेते."

"तू घेतेस? मग मी आधी घेतो!"

पेन एकच. दोघांची झोंबाझोंबी झाली, शेवटी दोघांनी एकाच कागदावर सह्या ठोकल्या. समितीचे डोळे पाणावले. इतके लायक उमेदवार त्यांनी पाहिले नव्हते.

ताटात शेवटचं वॉफल उरलं होतं. शेवटचं कोण घेणार? हालवारनं अर्धं कापून घेतलं, बेरितनं उरल्यातलं अर्धं, आसनेनं त्यातलं अर्धं. ट्रुल्स नखाएवढ्या तुकड्यावर सुरी धरून बसला.

गुनवोरनं तो तुकडा उचलला आणि खाल्ला.

ट्रुल्सनं सुरी खाली ठेवली.

"मला ही जागा हवीय," ती म्हणाली. "मला हे काम येतं. चांगलं येतं."

बेरितच्या हातून कॉफी सांडली. "अगं, हे लिहायचं कुठे? अर्जात असा रकानाच नाही!"

"शेऱ्यात लिही," हालवार खिडकीबाहेर बघत पुटपुटला. "बारीक अक्षरात."

समिती तीन आठवडे बसली. एकीकडे दोन थोर उमेदवार, पण त्यांनी अर्ज मागे घेतलेले. दुसरीकडे ही. शेवटी पत्र आलं: "गुनवोर अगदीच अयोग्य आहे, असं समितीला खात्रीनं म्हणता येत नाही. सोमवारपासून रुजू व्हावं."

तिनं घरी फोन लावला.

"मिळाली?" आई कुजबुजली. "कुणाला बोलली नाहीस ना? दुकानात मला तोंड दाखवायचंय."

"नाही गं."

मागून बापाचा आवाज आला. बोट गेल्यापासून त्यानं त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं.

"तिला म्हणावं, आधी डोलकाठीकडे बघ. बर्फ तिथे चढला की घात होतो." मग थांबून, "नाही, दे इकडे फोन. मीच सांगतो."