साडेतीनचा लॅपटॉप

काशीदच्या अनंता नाखवाने आजवर बोटीसाठी इंजिनं घेतली ती कानाने. चालू करायचं, वर हात ठेवायचा, धडधड ऐकायची, मगच सौदा. लॅपटॉप घ्यायला तो अलिबागला गेला, तोही तोच कान घेऊन. ज्या धाकट्या लेकीसाठी घ्यायचा, त्या किशोरीला बरोबर नेलं नाही. इंजिनाच्या सौद्यात घरच्या बायका बोलत नाहीत, हा बापापासूनचा रिवाज.

दुकानदार दानियालने दोन लॅपटॉप चालू करून ठेवले.

"ह्याचा वेग किती?"

"साडेतीन गिगाहर्ट्झ."

"आनि त्याचा?"

"दोन. पण नाखवा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. साडेतीनचा प्रोसेसर जुना, कोर दोनच. हा नवा, आठ कोरचा. कामं वाटून घेतो, एका ठोक्यात जास्त उरकतो."

"म्हंजे हळू बोट आधी पोचते? सरळ सांग ना!"

"बोट नाही हो ही!"

अनंताचं डोकं फिरलं. विचारावं एक, हा सांगतो भलतंच. त्याने दोन्हींवर हात ठेवून पाहिला. दोनवाला थंड, मुका. साडेतीनवाला आतून घरघरत होता.

"ह्यात जीव हाय," म्हणत त्याने तोच उचलला.

बोटी बांधण्याच्या कोर्ससाठी किशोरीला एका होडीचं सगळ्या बाजूंनी फिरवता येणारं चित्र कॉम्प्युटरवर पुरं करून शनिवारी पाठवायचं होतं. नव्या लॅपटॉपवर तिने ते उघडलं, जरा वळवलं आणि पडदा गोठला. घरघर मात्र वाढली.

"आवाज बघ कसा हाय!" अनंता कौतुकाने म्हणाला.

"आवाजच हाय, बाबा. होडी वळतच न्हाय. चित्र न्हाय गेलं तर माझी ॲडमिशन गेली. मला का न्हाय नेलंस?"

 अनंता ती घरघर ऐकत बसला. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की इंजिन असंच बोंबलतं आणि बोट जागची हलत नाही. समुद्रात हा आवाज त्याने लगेच ओळखला असता. दुकानात मात्र हाच त्याला जीव वाटला होता.

चरफडत त्याने दानियालला फोन लावला. "बदलून देशील?"

"आजच आणा, बघतो. पण नाखवा, परत कान लावणार का?"

"न्हाय रे. लेक येते. तिच्याशी बोल."

किशोरीने लॅपटॉप खोक्यात घातलासुद्धा. "बाबा, तू दुकानाबाहेरच थांब."

अनंता उसळून काहीतरी बोलणार होता. मग त्याने मुकाट्याने चपला पायात सरकवल्या.