यातलं कमरुद्दीनचं घर कुठलं?

पालिकेच्या साहेबांनो, तुम्ही आमच्या घराचं छप्पर उतरवलंत. उतरवताना कुणाला विचारलं नाहीत. आणि आता माझ्या म्हाताऱ्या खालालाच विचारताय की बाई, यातलं तुझं घर कुठलं.

खाला म्हणजे माझी मावशी ताजबी, कमरुद्दीनखालूंची बायको. खालू जैतापूरकडचे, लाँचवर सुतार. अठ्ठावन्न साली दुबईत उतरले आणि खाडीजवळच्या गल्लीत एका अरबाच्या जागेवर घर बांधलं. भिंती इथल्यासारख्याच, समुद्राच्या दगडाच्या. छपराशी मात्र अडले. सपाट छपराखाली निजणं म्हणजे उघड्यावर निजणं, म्हणायचे. म्हणून त्यांनी कोकणातलं दुपाखी छप्पर चढवलं, मुंबईहून येणाऱ्या लाँचमधून कौलं मागवली, आणि पागोळ्या भिंतीवर येऊ नयेत म्हणून वळचण हातभर पुढे काढली. ज्या गावात वर्षाला चार सरी पडतात तिथे. शेजारी मुद्दाम बघायला यायचे. एकाने विचारलं, "हबीबी, पाणी पण इंडियाहून मागवलंस काय?"

मग एका हिवाळ्यात पाऊस लागला तो थांबेना. गल्लीतली माती-चटईची छपरं धो धो गळली. हसणाऱ्यांच्या बायका पोरं घेऊन खालाकडे येऊन बसल्या. नंतर ज्याने त्याने खालूंना धरलं, आमच्याही घराला तसलंच घाल. खालूंनी घातलं. चार-पाच घरं तशी झाली. कौतुक झालं ते झालं, पण आज त्यातच घोळ आहे.

शहाऐंशीला अरबाच्या मुलांनी जागा परत मागितली. खलास. खालाचा मुलगा तहा तिला शारजाला फ्लॅटमध्ये घेऊन गेला, खालू तिथेच वारले. पुढे गल्ली तुमच्या ताब्यात आली. बाकीची घरं तुम्ही पाडलीत, जुनी दुबई म्हणून लोकांना दाखवायला तीन ठेवलीत. त्यांची दारं नव्या रस्त्याकडे फिरवलीत, वर सपाट छपरं घातलीत, सगळ्यांना एकच वाळूचा रंग फासलात. आणि यंदा, दोन हजार दोन साली, पेपरात आवाहन केलंत की जुन्या रहिवाशांनी माहिती द्यावी.

आम्ही आलो. खाला, तिची नात नबिला आणि मी. तुमच्यातर्फे अस्मिता म्हणून पुण्याची आर्किटेक्ट मुलगी होती. वागायला चांगली, उगाच का खोटं बोलू.

ती म्हणाली, "आजी, तुम्ही खात्रीने एक घर दाखवलंत तर पाटीवर कमरुद्दीन यांचं नाव घालता येईल. शनिवारी पाट्या लागणार आहेत."

"नाहीतर?" मी विचारलं.

"नाहीतर तिन्हींवर 'व्यापाऱ्याचे घर' असं येईल."

"खालूंनी जन्मात मिरची विकली नाही."

"मला मान्य आहे हो. पण वरच्या साहेबांना दाखवायला काहीतरी लागतं."

खाला पहिल्या घरात गेली, हेच म्हणाली. दुसऱ्यात गेली, तिथेही हेच म्हणाली. मग पहिल्यात परत गेली आणि कोनाड्यात हात घालून बघू लागली. कोनाडे तिन्ही घरांत, एकाच मापाचे, नवे. मी स्वतः तिथे दोन वर्षं राहिलोय. मला आधी मधलं वाटलं. मग वाटलं, मधलं असतं तर बांग डाव्या कानाला आली असती. पण मशीदही आता नवी, आणि ती जुन्या जागेवर आहे की सरकलीय, तेही मला सांगता येईना.

"दादी, दे ऑल लुक द सेम," नबिला म्हणाली. "जस्ट पिक वन."

मीही खालाच्या कानाशी लागलो. "कुठलंही दाखव. कोण तपासायला येतंय?"

"आणि वर गेल्यावर तुझ्या खालूंनी विचारलं, दुसऱ्याच्या घरावर माझं नाव का लावलंस, तर? तू येणार आहेस का सांगायला, खैरू?"



ती बाहेर दगडावर बसली. बराच वेळ वर बघत होती, जिथे आता काही नाही तिथे. मग अस्मिताला म्हणाली, "बाय, आमचे वासे लाँचचे होते. तहाच्या अब्बांकडे तेव्हा पैसे कुठले? फुटक्या लाँचचं लाकूड घेतलं. खिळ्यांची भोकंच भोकं. मी निजल्या निजल्या बघायचे. दुसऱ्यांच्या घरांना नवं लाकूड आलं. भोकांचे वासे कुठल्या घरावर होते तेवढं सांग, मी बोट ठेवते."

अस्मिताने मान खाली घातली. "तिन्ही घरांवर दुपाखी छप्पर होतं, आजी. इथल्या जुन्या घरांना तसं नसतं, कुणीतरी मागाहून चढवलंय, काढून टाका, असा वरून हुकूम आला. लाकूड काँट्रॅक्टरने नेलं."

"कुणीतरी नव्हे. माझ्या नवऱ्याने."

"फोटो?" मी विचारलं.

"भिंतींचे आहेत."

खाला उठली. कुठल्याच घराकडे बोट न दाखवता गाडीत जाऊन बसली.

म्हणून आता तुम्हाला विचारतो, तिला नाही. माझा गोंधळ झालाय, तिचा झालाय, तुमच्या पगारी मुलीचाही झालाय. पण शिडी लावून वर चढलेल्या माणसाचा झालेला नसणार. लाकूड त्याच्या हातात होतं. त्या काँट्रॅक्टरला बोलवा, त्याच्या मजुरांना जबल अलीच्या कँपातून शोधून आणा, काय करायचं ते करा. तोवर पाट्या लावू नका. भोकं पडलेले वासे तुम्ही कुठल्या घरावरून उतरवलेत? खाला सत्तरीच्या पुढे गेलीय. उत्तर द्या.