लिटरला अकरा

मी पोलादपूर तालुक्यातली एक बदनाम गाडी बोलतेय. मी कुणाला धडक दिलेली नाही, की कुठल्या चोरीत सापडलेली नाही. बदनामी एवढीच, की मी पिते. पेट्रोल हो! आणि तेही म्हणे प्रमाणाबाहेर. आमच्या वाडीत हे पोराटोरांनाही ठाऊक झालंय, म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

जन्म माझा एका मोठ्या कारखान्यातला. अंग जीपसारखं उंच, स्वभाव साध्या मोटारीचा, म्हणून शोरूममधले साहेब मला ‘क्रॉसओव्हर’ म्हणायचे. माझ्या काचेवर एक कागद चिकटवला होता. त्यावर ठसठशीत छापलं होतं, एका लिटरला वीस किलोमीटर. आता ही परीक्षा कशी घेतात ते मला विचारा. गाडी बंद खोलीत, चाकाखाली फिरणाऱ्या रुळांवर जागच्या जागी उभी. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, एसी बंद, आत एकच माणूस आणि तोही गप्प. अशा परीक्षेत कुणीही पहिलं येईल.

तो कागद वाचून भुलले महिपती, म्हणजे आमचे आबा. महाडच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले. उमरठच्या रस्त्याला लागून त्यांची वाडी. घरी बायको उज्वला आणि मुलगी अक्षदा. मला घेऊन आले त्या दिवशीच त्यांनी शेजारच्या धोंडूंच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, “वीस देते, वीस!”

माझ्या पडद्यावर प्रत्येक फेरीचं मायलेज दिसतं. पंधरा दिवसांनी तिथे आकडा दिसला, अकरा. आबांना वाटलं, पडदा बिघडलाय. त्यांनी तो रुमालाने पुसला. तरी अकराच.

“काय रे महिपती,” धोंडूंनी भर दुकानात विचारलं, “तुजी गाडी पिते म्हणतात. खरं हाय काय?”

त्या दिवसापासून माझ्या नशिबी हे लागलं ते लागलंच. कोणी म्हणालं नजर लागली, माझ्या नाकासमोर लिंबू-मिरची टांगली. कोणी महाडहून टाकीत टाकायची गोळी आणून दिली. तिने मला दोन दिवस नुसती मळमळ झाली. आबांनी सगळं करून पाहिलं. फक्त स्वतःच्या पायाकडे पाहिलं नाही.

आता बोलायलाच बसलेय तर सगळंच सांगते. माझ्या डोक्यावर लोखंडी कॅरिअर बसवलं. त्यावरून पावसाळ्याआधी सुकटीची आणि बोंबलांची पोती आली, ती उतरली, पण कॅरिअर काही उतरलं नाही. वर निळी ताडपत्री बांधलेली, ती वाऱ्यात फडफडायची आणि मला मागे ओढायची. डिकीत तांदळाचं एक पोतं कायमचं, कारण मुंबईचा कोणी पाहुणा कधी भेटेल सांगता येत नाही. शिवाय कोयता, जाड दोर आणि तीन दगड. चढावर उभी केली तर चाकाला दगड लावायचा, ही आमच्याकडची रीत. रीत चांगली आहे, पण दगड रस्त्यावर कमी आहेत का? प्रत्येक वेळी आबा एक नवा उचलायचे आणि ‘चांगला हाय’ म्हणून डिकीत टाकायचे. माझ्याच चाकाला अडवायचे दगड मीच डोंगरभर वाहून नेत होते.

चाकांत हवा कमी ठेवायची, म्हणजे गाडी मऊ चालते, हा आबांचा सिद्धांत. मऊ चालायची खरी, पण चिखलातून पाय ओढल्यासारखं मला व्हायचं. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की काच खाली, आणि भाताच्या रोपापासून भाच्याच्या सोयरिकीपर्यंत सगळं बोलणं. इंजिन मात्र चालू. “बंद करून परत चालू केली की जास्त खाते,” असं आबा ठामपणे सांगायचे. एकदा गडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीला पाहुण्यांना रोपवेसाठी सोडलं आणि ते वर गड बघून येईपर्यंत आबा एसी लावून आत झोपले. अडीच तास मी जागच्या जागी धडधडत उभी, आणि संध्याकाळी पडद्यावर आकडा आणखी घसरल्यावर शिव्या मलाच.

बरं, चालवतानाही असंच. चढावर पेट्रोल वाचावं म्हणून पाचवा गिअर. माझा जीव घशाशी यायचा, मी थरथरायला लागले की मग एकदम दुसरा टाकून पाय खालपर्यंत दाबायचा. उतारावर न्यूट्रल. अहो, उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय नुसता काढून घेतला, तर माझं इंजिन पेट्रोल जवळजवळ मागतच नाही, आणि गाडी आवरतेही. न्यूट्रलमध्ये मी उगाच थोडं पीत राहते आणि ब्रेक तापून वास सुटतो तो वेगळाच. हायवेवर तर आबांना डंपर पुढे गेलेला खपायचा नाही. जीव तोडून त्याला मागे टाकायचं आणि पुढच्याच फाट्याला करकचून ब्रेक मारून आत वळायचं. डंपरवाला हसत निघून जायचा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण श्रावणात अक्षदाला नोकरी लागली. महाडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये, गणपतीनंतर रोज सकाळी सातला हजर व्हायचं. आमच्या वाडीवरून पहिली एसटी निघते तीच सातनंतर. पोरीकडे गाडीचं लायसन्स होतं. पोलादपूरला क्लास लावून तिने ते पहिल्या फटक्यात काढलं होतं. फक्त किल्ली तिला कधी मिळाली नव्हती.

“आबा, मी गाडी घेऊन जाईन,” ती म्हणाली.

“लिटरला अकरा गो!” आबा म्हणाले. “तुजा पगार काय टाकीत वतायचा? आन् नवशिक्याच्या हातात ती नऊवर येईल. मी गिऱ्हाईक बघितलंय. गणपती झाले की गाडी देऊन टाकायची.”

“आणि माझी नोकरी?”

“दुसरी मिळेल. इथंच पोलादपुरात बघू.”

अक्षदा तिथून उठली. अंगणात येऊन माझ्या बॉनेटला टेकून उभी राहिली. तिच्या हातात लॅबचं पत्र होतं, ते तिने चार वेळा उघडलं आणि चार वेळा घडी केलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण गुणी असावं असं मला मनापासून वाटलं, आणि त्यासाठी मी काहीच करू शकत नव्हते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला महाडला जायचं ठरलं. धोंडूंचीही मूर्ती त्याच मूर्तिकाराकडे, म्हणून तेही सोबत. सकाळी उज्वलाकाकूंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि पदर खोचला.

“देव ह्याच्यातनं आणणार? वर बोंबलांचा वास, आत ह्यांचे धोंडे! आधी ते कॅरिअर काढा.”

कॅरिअर उतरलं. पोतं, दोर, कोयता, दगड सगळं पडवीत गेलं. मला आतून-बाहेरून धुतलं, गोमूत्र शिंपडलं. जाताना पोलादपूरला अक्षदाने चारही चाकांत हवा भरून घेतली, तीसुद्धा माझ्या दाराच्या आत लिहिलेला हवेचा आकडा बघून. “चाक बसलं तर देव घेऊन रस्त्यात उभं राहायचं का?” म्हणाली. आबांना हे पटलं. देवाच्या नावाने सांगितलेलं त्यांना सगळं पटतं.

महाडला मूर्तिकाराने दोन्ही मूर्ती पाटावर ठेवल्या. आमच्याकडे घरच्या कर्त्याने टोपी घालून मूर्ती घ्यायची, बाप्पाच्या तोंडावर रुमाल टाकायचा आणि घरचा उंबरा येईपर्यंत दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आबांनी मूर्ती घेतली. धोंडूंनी घेतली. दोघं माझ्यापाशी आले, आणि मग आबांच्या लक्षात आलं. बाप्पा मांडीवर घेतल्यावर गाडी चालवणार कोण?

“धोंडू, तुला येते काय रे?”

“मला बैल येतात.”

दोघांनी अक्षदाकडे बघितलं. तिने हात पुढे केला. आबांचे दोन्ही हात गुंतलेले. शेवटी तिनेच त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली.

“एसी लावू नको,” मूर्तिकार मागून ओरडला, “रंग अजून कच्चा हाय!”

त्या प्रवासाचं वर्णन मी जन्मभर करीन. मागच्या सीटवर दोन म्हातारे, दोन बाप्पा, चार हात अडकलेले. त्यांना गिअरला हात लावता येईना, की कुणाला हात करता येईना. फक्त तोंडं मोकळी होती.

“हळू गो!”

“पुढं म्हैस हाय!”

“आबा, ती म्हैस अर्धा किलोमीटर लांब आहे.”

“असूं दे. पाय काढ.”

तिने पाय काढला. मी अलगद सावकाश झाले, म्हैस गेली, मी अलगद पुढे निघाले. ब्रेकला हात लावायची, म्हणजे पाय लावायची, वेळच आली नाही. हायवेला तिने मला पन्नासच्या आसपास धरलं आणि तिथेच ठेवलं. मागून डंपरने हॉर्न दिला. आजवर ज्यांनी एक डंपर पुढे जाऊ दिला नाही ते आबा मागून कळवळून म्हणाले, “जाऊं दे गो त्याला, जाऊं दे!” पोलादपूरच्या नाक्यावर आबांच्या साडूंनी हाक मारली. आबांनी नुसती मान हलवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्या नाक्यावरून न थांबता गेले.

वाडीच्या चढाला अक्षदाने मी थरथरायच्या आधीच गिअर उतरवला, इंजिनला ओरडू दिलं नाही आणि एका लयीत मला वर नेलं. मध्ये उताराचा पट्टा आला, तिथे तिने गिअर तसाच ठेवून पाय उचलला. बाप्पाच्या सोंडेवरचा रुमालसुद्धा हलला नाही. दारात उज्वलाकाकू पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. आबा उतरायला वाकले आणि त्यांची नजर पडद्यावर गेली.

“धोंडू,” ते पुटपुटले, “बघ रे. सतरा.”

धोंडूंनी मान लांब करून बघितलं. “बाप्पा मोरया!” ते ओरडले.

झालं! तासाभरात वाडीभर चमत्कार पसरला. महिपतीच्या गाडीने बाप्पाला आणताना सतरा दिलं! बायका येऊन माझ्या पडद्याला हळदकुंकू लावून गेल्या. आकडा दिसेनासा झाला, तरी नमस्कार चालूच. पण ही बातमी गिऱ्हाइकापर्यंतही गेली, आणि त्याचा फोन आला, की गाडी मी कुठल्याही परिस्थितीत घेणारच. देव बसलेली गाडी हवी म्हणे त्याला. घरात फोन आला तेव्हा अक्षदा मोदकाची उकड मळत होती. तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी आबा कापूर-उदबत्ती आणायला एकटेच मला घेऊन पोलादपूरला गेले. जाताना उतारावर न्यूट्रल, येताना चढावर पाचवा गिअर, नाक्यावर साडूंशी अर्धा तास गप्पा. घरी आले तेव्हा पडद्यावरचं कुंकू त्यांनी बोटाने बाजूला केलं. अकरा.

“देव उतरला तसा आकडा उतरला,” ते खिन्नपणे म्हणाले.

अक्षदा पडवीत आली. ती सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली. “आबा, बाप्पा तुमच्या मांडीवर होता. पाय माझा होता. उद्या मी चालवते. तुम्ही मागे बसा, मांडीवर काही घेऊ नका. सतरा आलं नाही, तर गाडी द्या आणि मी पण नोकरीला नाही म्हणून कळवते.”

ते ऐकून माझं इंजिन बंद असूनही गरम झालं. पोरीने नोकरी माझ्या चार चाकांवर ठेवली होती.

सकाळी महाडकडे निघालो. आबा मागे बसले, हात मोकळे, म्हणून जास्तच अवघडलेले. सुरुवातीला ते दोनदा पुढे झुकले. “पाचवा टाक,” म्हणाले. तिने टाकला नाही. “न्यूट्रल कर,” म्हणाले. तिने केला नाही. लॅबच्या दारात तिने लगेच इंजिन बंद केलं.  परत येताना पावसाची भुरभुर होती, एक टेम्पो आडवा आला, कशेडी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांमागे थांबावंही लागलं. माझ्या मनात धाकधूक होती. मी माझ्याकडून एक थेंब उगाच घेतला नाही, एवढं सांगते.

दारात पोचलो. सतरा पॉइंट दोन.

आबा मागेच बसून होते. पडद्याकडे बघत होते की पोरीच्या पाठीकडे, मला आरशात नीट दिसलं नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. सहाव्या दिवशी गिऱ्हाईक आलं, धोंडूंच्या दुकानासमोर. सगळा गाव जमलेला. आबा टोपी काढून उभे राहिले.

“गाडी द्यायची नाय,” ते म्हणाले.

“असं कसं? तुमीच म्हणालात, अकराच देते!”

आबांनी घसा खाकरला. ज्या जागी त्यांनी ‘वीस’ म्हणून छाती फुगवली होती, तिथेच ते अगदी स्पष्ट बोलले. “गाडी सतरा देते. अकरा मी द्यायचो.”

दुकानात कोणी हसलं नाही. धोंडू तर मान खाली घालून तांदूळ निवडायला लागले.

आता मी रोज पहाटे साडेपाचला जागी होते. आबा फडक्याने माझी काच पुसतात, चाकाला बोट लावून हवा बघतात, आणि किल्ली अक्षदाच्या हातात देतात. सातला पाच कमी असताना आम्ही महाडला पोचलेल्या असतो. रविवारी आबा मला चालवतात, तेव्हा अक्षदा मागे बसते. गेल्या रविवारी त्यांनी चौदा दिलं. ते मला आवडलं, कारण या वयात तेवढं पुष्कळ आहे.

एक ना एक दिवस मी जुनी होईन आणि माझं खरंच गिऱ्हाईक येईल, हे मला कळतं. माझी तक्रार नाही. फक्त त्या दिवशी आकडा सांगताना एवढं करा, सोबत अक्षदाचं नाव सांगा.