अंगठ्याचा चौकोन

अंगठ्यासाठी आखलेला तो चौकोन कोराच होता. बाकी कागद भरलेला — नाव निकिता, इयत्ता चौथी, सहलीचं ठिकाण नेपाळ, आणि खाली लीनाबाईंच्याच अक्षरातली, सगळ्या कागदांवर झेरॉक्स होऊन आलेली ओळ : 'माझ्या पाल्यास मी माझ्या जबाबदारीवर पाठवत आहे.' कोपऱ्याला हळदीचा डाग होता. म्हणजे कागद घरी पोचला होता, चुलीपाशी कुणीतरी वाचून दाखवला होता, आणि तरीही...

"आजी नको म्हनली," निकिता म्हणाली. "तिथं हवा कमी असती. मला दम लागतो." आणि दप्तर पोटाशी धरून ती व्हरांड्यात जाऊन बसली, वर्गाकडे पाठ करून.

लीनाबाईंना हसू यायला हवं होतं. नेपाळ अकरा वाजता शाळेच्याच भिंतीवर येणार होता. तिथला एक वाटाड्या मोबाईल समोर धरून डोंगर चढणार, आणि सोनईजवळच्या या वस्तीवरची अठ्ठावीस पोरं सतरंजीवर बसून त्याच्याबरोबर जाणार. पण हसायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. सकाळपासून ग्रुपवर तीन निरोप आले होते — माहिती भरा, फोटो टाका, फोटोत फलक दिसू द्या. नोकरीची चार वर्षं उरली होती आणि ती चारही आत्ताच होऊन गेल्यासारखी वाटत होती. समोर पोरं स्वेटर, कानटोप्या घालून, डबे घेऊन बसलेली. हर्षलच्या आईनं तर त्याला उलटीची गोळी देऊन पाठवलं होतं. चूक त्या माउलीची नव्हती. कागदावर सहल लिहायचं, वर संमती मागायची, मग माणसं पोरांना सहलीलाच धाडणार.

बसल्या जागी बघायच्या गोष्टीला संमतीपत्र कशाला, असं मुख्याध्यापक म्हणालेही होते. पण लीनाबाई घेतात. वनभोजनाला घेतात, पोस्ट दाखवायला न्यायचं तरी घेतात. बारा वर्षं झाली, कागदाशिवाय त्यांनी एक पोर फाटकाबाहेर नेलेलं नाही — आणि डोंगरावर तर कागद घेऊनसुद्धा नाही.

बारा वर्षांपूर्वी... गणपती उठल्यानंतरचा आठवडा, कळसूबाई, अर्ध्या वाटेवर एकाएकी उतरलेलं धुकं. मोजणी केली तर एक कमी. पुन्हा केली, एक कमी. कल्याण नव्हता. अडीच तासांनी सापडला तो, एका कातळाआड निवांत डबा खात बसलेला. सगळे हसले, त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी शाळेत नारळ आणून दिला. कुणी लीनाबाईंना चकार शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. कारण एक कमी भरला तेव्हा हाक मारायच्या आधी त्यांचा हात गेला होता पर्सकडे. कल्याणचा कागद आहे ना? होता. सहीसकट होता... आणि मला हायसं वाटलं. पोर धुक्यात हरवलेलं आणि मला हायसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही, आणि सांगून तरी ते कुठं जाणार होतं.

अकराला दहा कमी होते. लीनाबाईंनी कागदावरचा नंबर लावला. निकिताचे आईवडील पुण्याला कामाला. पोर आजीपाशी, चांगुणाबाईंपाशी. फोनमधून आधी वारा आला, मग बायकांचे आवाज.

"मावशी, शाळेतून लीनाबाई बोलतेय. पोरगी कुठंही जाणार नाहीये. पडद्यावर बघायचंय फक्त."

"ते म्हायती हाय मला. टीव्हीवानीच ना?"

"मग अंगठा का नाही दिलात?"

"तुमी लिवलंय, माज्या जबाबदारीवर. आवो, मी इथं कांद्याच्या वाफ्यात. पोरगी तुमच्यापाशी. मंग जबाबदारी माजी कशी?" चांगुणाबाई भांडत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "परवा टीव्हीवर पूर बघतानाबी तिचा दम अडकला हुता. मी हात धरून बसले तवा सुटला. तिथं कोन धरनार?"

एवढ्या वर्षांत हे लीनाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. अंगठे उमटत गेले होते, सह्या होत गेल्या होत्या, आणि त्या गठ्ठ्याखाली आपण किती आरामात बसलो होतो...

"तुमी धरनार का?"

"धरीन," लीनाबाई म्हणाल्या. आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं.

"मंग न्या की. कागदाचं काय येवढं."

निकिता लगेच उठली नाही. लीनाबाईंनी हात पुढे केला तेव्हा तिनं तो आधी नीट बघितला, मग धरला. खुर्चीवर बसून हात पोचेना म्हणून त्या गुडघे दुखत असताना सतरंजीवर बसल्या. पर्स टेबलावर राहिली.

पडद्यावर दगडांची पायवाट वर चढत होती. याकांच्या गळ्यातल्या घंटा, दोऱ्यांवर फडफडणारी रंगीत कापडं, वाटाड्याचा धापा टाकणारा आवाज. पोरं पुढे सरकली. मग वळणावर धुकं आलं आणि वाट गेली, डोंगर गेला. नुसता पांढरा पडदा आणि त्यातून येणारा श्वास. निकिताची बोटं आवळली गेली. तिचा श्वास छातीत वरच्या वर होऊ लागला.

"मी आहे," लीनाबाई हळूच म्हणाल्या. सवयीनं नजर टेबलावरच्या पर्सकडे गेली. तिच्यात सत्तावीस कागद होते, आणि हिचा, कोरा. या हातातल्या हाताची जबाबदारी कुठंच लिहिलेली नव्हती. त्यांना भीती वाटली. साधी भीती, कळसूबाईवर वाटायला हवी होती तशी. त्या इतक्या दमलेल्या असूनही ती त्यांना नकोशी झाली नाही.

धुकं हटेना. हात न सोडता लीनाबाईंनी पोरं मोजली. अठ्ठावीस भरली. तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.