बिनदेवाची साक्ष

“तुमाला काय व्हतंय, वैनी? तुम्ही तर देवच मानत न्हाई,” सोपानराव म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

कुशाबाईंच्या हातातलं लाटणं काही थांबलं नाही. कारेगावातल्या त्या एका खोलीत कंपनीतल्या पोरांचे डबे भरायचे होते, आणि पोळ्यांना सोपानरावांच्या अडचणीशी काही देणंघेणं नव्हतं. वर्षानुवर्षं इकडे न फिरकलेला दीर आज कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं, पाहुणा गरजेचा आहे.

“मग तुम्हीच उचला की भंडारा. तुम्ही मानताय न्हवं?”

सोपानरावांनी जीभ चावली. “आवो, मानतो म्हणून तर! मी दर चंपाषष्ठीला तळी भरतो. खोटा भंडारा उचलला तर घरादाराचं काय ऱ्हाईल? पोराचं लग्न तोंडावर आलंय. तुमचं तसं न्हाई. तुमाला त्याचं भ्याच न्हाई, मग तुमचं काय वाकडं व्हनार?”

बाकी काही म्हणा, माणूस सरळ बोलला. खोटं आहे हेही त्यानेच सांगितलं.

भानगड वाटेची होती. निमोणे गावाच्या पलीकडे सोपानरावांचं शेत, त्याच्या मागे कोंडिबाची वस्ती. कोंडिबाचा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. तिथे चार पैशांची जमीन घेऊन स्थिरावला, तेव्हापासून सोपानरावांच्या बांधाकडेने त्यांची गाडीवाट होती. आता सोपानरावांना शेत प्लॉटिंगवाल्याला द्यायचं होतं, आणि प्लॉटिंगवाल्याला रस्त्याचं लफडं नको होतं. म्हणून उन्हाळ्यात वाट नांगरून टाकली. कोंडिबाचा ऊस फडातच वाळायला लागला, कारण ट्रॅक्टर न्यायचा कुठून? कोर्टात जायला त्याच्याकडे ना कागद, ना दम. तो गावासमोर एवढंच म्हणाला, “सोपानरावाच्या घरातल्या जाणत्या माणसानं खंडोबाम्होरं बेलभंडारा उचलावा आन् म्हणावं, वाट कवाच नव्हती. मी पुन्ना तोंड उघडणार न्हाई.”

आता बेलभंडारा म्हणजे काय, तर ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. पण तो हातात घेऊन जे बोलाल त्यावर आमच्याकडे अपील नाही. भाऊ भावाविरुद्ध उचलतो, उमेदवार मतदाराला उचलायला लावतो. पोलिसाला फसवणारा माणूससुद्धा त्या ताटापुढे अडखळतो.

कुशाबाईंचा नवरा सोमवतीला जेजुरीला गेला होता. परत येताना ट्रकने उडवलं. कपाळाचा भंडारा तसाच होता म्हणतात. दिवसपाणी उरकल्यावर कुशाबाईंनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि जाऊ रंगुबाईच्या हातात दिले. “माझं त्याच्याशी भांडण न्हाई,” त्या म्हणाल्या, “पण बोलणं बी न्हाई.” तेव्हापासून गाव त्यांना बिनदेवाची म्हणू लागलं. पोटी मूल नव्हतं. रंगुबाईचा सार्थक त्यांच्याच कडेवर वाढला, त्यांना थोरली म्हणायला लागला. पुढे घरात धुसफूस सुरू झाली, आणि कुशाबाई आपली पिशवी उचलून कारेगावात आल्या. इथे बिहार-यूपीकडची पोरं त्यांना मौसी म्हणत. मौसी म्हणणारे पुष्कळ होते. थोरली म्हणणारा एकच.

सोपानरावांना हे पक्कं ठाऊक होतं.

“सार्थकला पैली हळद तुम्ही लावायची,” ते म्हणाले. “लोक म्हणतील, विधवा बाई अन् हळदीला हात? म्हणू द्या. मांडवात त्याच्या शेजारी तुम्ही बसायचं. आन् लगीन झालं की हितं कशाला एकट्या मरताय? वस्तीवर या. रंगूनं खोली झाडून ठिवलीया.”

लाटणं तेव्हा थांबलं. कुशाबाईंना ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. रात्री डबे घासून झाले की खोलीत बोलायला कुणी नसायचं. टीव्ही लावायचा तो माणसाच्या आवाजासाठी.

“बघते,” त्या म्हणाल्या.

रविवारी सार्थक गाडीवर न्यायला आला. रांजणगावच्या कंपनीत लागल्यापासून अंगाने भरला होता. वाटेत चहाला थांबले तेव्हा त्याने स्वतःच्या रुमालाने बाकडं पुसलं आणि म्हणाला, “बस थोरली.” कुशाबाईंचे डोळे भरून आले. मेल्याला अजून कळतं, बाकड्यावर साखरपाणी सांडलेलं असतं ते.

“तू हायस म्हणून सुटलो बघ,” तो म्हणाला. “पप्पा लई टेन्शनमधी होते.”

“तुला काय वाटतं सार्थक? वाट व्हती का न्हवती?”

सार्थक मोबाईलकडे बघायला लागला. “मला काय वाटायचं? पप्पा न्हवती म्हणत्यात.”

“तुझ्या पप्पांचं न्हाई, तुझं विचारते.”

“थोरली, चहा गार व्हतोय.”

पोराला माहीत करून घ्यायचंच नव्हतं. त्यांनी चहा पिऊन टाकला.

देवळात माणसं दाटली होती. पुढे गुरव आप्पा ताट घेऊन बसले होते. एका बाजूला सोपानराव, रंगुबाई आणि सार्थक. दुसऱ्या बाजूला कोंडिबा आणि त्याची सून तेजश्री. कोंडिबा खांबाला टेकून उभा होता. आजारी माणसासारखा दिसत होता. बिनदेवाच्या बाईला साक्षीला आणलंय म्हटल्यावर त्याने आशाच सोडली होती.

ताटापुढे उभ्या राहिलेल्या कुशाबाईंना एक गोष्ट स्वच्छ कळली. वीज पडणार नाही, हे या सगळ्या गर्दीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे खोटं बोलायला अख्ख्या गावात त्याच तेवढ्या मोकळ्या होत्या. एक वाक्य बोलायचं, आणि पोराच्या अंगाला हळद लावायची. पण त्या वाटेने त्या नवऱ्यामागून भाकरी घेऊन गेल्या होत्या. कोंडिबाची आई समोरून मेंढरं घेऊन यायची, नव्या नवरीला बघून कळप बाजूला दाबायची आणि म्हणायची, “जा बाय, आदी तू जा.” म्हातारी आता नाही. वाट नव्हती म्हटलं, की म्हातारीही नव्हतीच म्हणायची.

“आप्पा, मी न उचलता सांगते,” त्या म्हणाल्या.

“न उचलता सांगायचं ते टपरीवर,” आप्पा म्हणाले. “हितं धरत न्हाईत.”

कुशाबाईंनी सार्थककडे पाहिलं. तो मान डोलावत होता, उचल म्हणून. नवरा गेल्यापासून ज्याला हात लावला नव्हता, तो भंडारा त्यांनी ओंजळीत घेतला. त्यांच्या लेखी ती हळद होती. पण कोंडिबाच्या लेखी दुसरं काहीच चालत नव्हतं, मग करणार काय?

“वाट व्हती,” त्या म्हणाल्या. “मी नांदायला आले त्याच्या आदीपासनं व्हती. बांधाकडंनं, गाडी जाईल येवढी. ह्या भावजींनी उन्हाळ्यात नांगरली.”

पहिल्यांदा आप्पाच ओरडले, “येळकोट येळकोट!” आणि सारं देऊळ उठलं. कुणीतरी घंटेला लोंबकळलं.

“बघितलंत? बिनदेवाची बाई, पर हातात भंडारा पडला आन् खरं वदली!”

“देव जागा हाय बाबा, जागा हाय!”

तेजश्रीने येऊन कुशाबाईंचे पाय धरले. “आत्या, तुमच्या तोंडनं मल्हारी बोलला.”

“न्हाई गं पोरी. म्या बोलले.”

“असं म्हणू नगा, आत्या,” तेजश्री घाबरून म्हणाली.

त्या पुन्हा म्हणाल्या, “आवो, म्या बोलले!” पण घंटेपुढे कुणाला ऐकू जाणार? खोटं बोलल्या असत्या तर ते त्यांच्या नावावर लागलं असतं. खरं बोलल्या, ते देवाने नेलं.

सोपानराव तर देवापुढे आडवेच झाले. दोन्ही गालांत मारून घेत म्हणाले, “चुकलो देवा, पदरात घे.” कोंडिबाने त्यांना उठवलं. दोघांनी एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावला, दोघेही रडले. वाट मोकळी करतो, असं सोपानरावांनी तिथेच कबूल केलं. देवाची माफी मागून झाली. वहिनीकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रंगुबाई जाता जाता हळूच म्हणाली, “केसानं गळा कापला, बाई.” सार्थक गाडी काढून कधी निघून गेला, कळलंच नाही. कुशाबाई फाट्यापर्यंत चालत गेल्या आणि वडापची जीप मिळेपर्यंत उभ्या राहिल्या.

लग्नाची पत्रिका आली नाही. फोनही आला नाही. तारीख त्यांना किराणा दुकानात कळली.

लग्नाच्या सकाळी दारात टेम्पो थांबला. आत कोंडिबाची सगळी वस्ती नवी लुगडी, नव्या टोप्या घालून बसली होती. कोंडिबा खाली उतरला, डोक्याला गुलाबी फेटा.

“आरं तिच्या! कुशाबाई, आजून आवरलं न्हाई? सोपानरावानं समद्या वस्तीला आवातनं दिलंय. देवाम्होरं मिटलं ते कायमचं मिटलं बगा. चला, बसा पुढं.”

म्हाताऱ्याचा चेहरा नुसता फुलला होता. त्याचा ऊस कारखान्याला गेला होता, आणि ज्याने वाट अडवली त्याच्याच मांडवात तो मानाने चालला होता. त्याला काय सांगायचं?

“व्हा तुम्ही म्होरं,” कुशाबाई म्हणाल्या. “सार्थकच मला न्यायला यायचाय.”

“व्हय व्हय, तुमचा मानच मोठा,” म्हणत कोंडिबा टेम्पोत चढला. धूळ खाली बसेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग आत आल्या, कढई ठेवली, आणि रवा भाजायला घेतला.

दुपारी डबे न्यायला पोरं आली. एकाने झाकण उघडून वास घेतला.

“अरे वा, हलवा! मौसी, आज क्या है?”

“मेरे लडके का शादी है.”

“शादी? तो आप गयी नहीं?”

कुशाबाईंनी त्याच्या हातून डबा घेतला आणि झाकण दाबून पुन्हा नीट बसवलं.

“खाके बता,” त्या म्हणाल्या, “साखर बराबर हुई क्या.”