आपल्या वजनाने

धाकटीने आपला संगणक दादाच्या दुकानात खाली टेकवला, घडी घातलेला कागद काउंटरवर ठेवला आणि पंख्याच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून वर हेल्मेट ठेवले.

"बोर्ड, प्रोसेसर, मेमरी. तिन्ही लिहून आणलंय. आजच बसवून दे दादा, उद्या शर्यत आहे."

दादाने कागदाकडे पाहिलेही नाही. तो समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला, कानाच्या पाळीपर्यंत पीठ लागलेला. गेम खेळताना त्याचा संगणक मध्येच अडखळायचा. दादाने त्याला पंखा साफ करून दिला होता, आता मेमरीची एक पट्टी हातात ठेवली आणि ही घातली की आणखी दोन वर्षे काही करायला नको असे सांगितले. बेकरीवाला खूश होऊन संगणक काखेत मारून गेला. थोडक्यात सुटलेला माणूस खूशच असतो.

धाकटी बंदरावर क्रेन चालवते. दिवसभर जमिनीपासून तीस मीटर वर, काचेच्या खोलीत बसून मुंगीच्या पावलाने कंटेनर उतरवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन संगणकावर ताशी तीनशेच्या वेगाने गाडी पळवायची, असा तिचा दिनक्रम. वय एक्केचाळीस. शर्यतीच्या संघात बाकी सगळे पंचविशीच्या आतले. त्यातल्या तिघांना ती मागे टाकते, हे ती कोणी विचारले नाही तरी सांगते. गेल्या दोन शर्यतींत मात्र पहिल्याच वळणावर, जिथे वीस गाड्या एकदम एकमेकींच्या अंगावर येतात, तिच्या पडद्यावरचे चित्र थबकले आणि गाडी भिंतीवर गेली. उद्या पुन्हा असे झाले तर राखीव खेळाडूला घेऊ, असे कप्तानाने तिला अगदी गोड शब्दांत कळवले होते. त्या गोडव्याचाच तिला राग आला होता.

"ग्राफिक्स कार्ड बदल," दादा म्हणाला. "बोर्डाला हात नको लावूस."

"कार्ड निम्मं रिकामं बसलंय. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. आकडे कागदावर आहेत, वाच तरी."

"आकडे फसवतात."

"कोण रिकामं बसलंय आणि कोण राबतंय ते आधी बघावं, हे तूच शिकवलंस मला."

दादाने हेल्मेट सरकवून कागद ओढला. डाव्या हाताने. धाकटीने दिव्यांचा झगमगाट असलेला बोर्ड सोडून साधाच निवडला होता, पण वीज नीट पेलणारा. प्रोसेसरही सगळ्यात महागाचा नव्हे. ज्याच्या पोटात कॅश, म्हणजे हाताशी असणारी झटपट मेमरी, जास्त, तो. शर्यतीच्या गेमला तोच मानवतो. दादाने कागद दोनदा वाचला. खोड काढायला जागा सापडेना.

"निवड बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "पण घाई काय आहे? पुढच्या महिन्यात बघू."

वीस वर्षे तिचा प्रत्येक संगणक दादाने जोडला होता. तो प्रोसेसर बसवायला घ्यायचा तेव्हा दुकानातली गिऱ्हाइके आपले बोलणे विसरून बघत राहायची. असा माणूस आज नव्या बोर्डाचे नाव काढले की अंग चोरत होता. धाकटीला हे काही पटले नाही. तिने सरळ काउंटरच्या मागे जाऊन फडताळातून हवा तो बोर्ड आणि प्रोसेसर काढला आणि स्क्रूड्रायव्हरसाठी खालचा खण उघडला.

"तो खण नको," दादा म्हणाला.

तोवर खण उघडला होता. आत चार बोर्ड होते, नवे कोरे, पिशवीत नीट गुंडाळलेले. तिने एकाचे झाकण काढून मोबाइलचा उजेड पाडला. प्रोसेसर बसतो त्या चौकोनातल्या केसाएवढ्या पिना एका कोपऱ्यात आडव्या झाल्या होत्या. दुसऱ्यातही तसेच. चारही बोर्ड उजव्याच कोपऱ्यात गेलेले.

"हल्ली मालच असा येतो," दादा म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे पाहिले. आल्यापासून त्याचा उजवा हात खिशात होता. एरवी तिने 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून त्याला दिवसभर छळले असते. ती म्हण तिच्या ओठांपर्यंत आली आणि तिने गिळली. तिला एकदम फार वाईट वाटले, आणि त्याहून जास्त राग आला, की हा आपल्याला बोलला नाही.

"दादा, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कधीपासून?"

"पाच महिने झाले." तो स्टुलावर बसला. "गोळी चालू आहे. कमी होतं. पण प्रोसेसर हातात घेतला की नेमकं तेव्हाच सुरू होतं."

"म्हणून बेकरीवाल्याला मेमरीची पट्टी देऊन घालवलास."

"पंखा खरंच घाण होता त्याचा."

धाकटीला हसू आले. तिने मोरीत जाऊन हात धुतले, कोरडे केले आणि नवा बोर्ड टेबलावर मांडला.

"मी बसवते."

"तू? तू उंटावरून शेळ्या हाकणारी. सतराशेच्या वर पिना आहेत त्यात."

"वाऱ्यात कंटेनर उतरवते मी, ट्रेलरच्या चार खुंट्यांवर. वरून मला खुंट्या दिसतही नाहीत. खालचा माणूस हातानं दाखवतो, मी उतरवते. आज तू खालचा माणूस. ये समोर."

दादा उठला, पण हात खिशातून काढेना.

"तोंडानं सांगतो."

"आमच्याकडे हातानं सांगतात."

 मग त्याने हात बाहेर काढला. हात थरथरत होता, पण डावीकडे म्हणजे डावीकडेच दाखवत होता. धाकटीने प्रोसेसर दोन्ही कडांना धरला आणि त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवला. दादाची बोटे केसभर उजवीकडे गेली, तशी तीही गेली. मग बोटे खाली वळली.

"सोड. दाबायचं नाही. आपल्या वजनानं बसतो तो."

तिने सोडला. आवाज झाला नाही. दादाने खाली वाकून चारही बाजूंनी पाहिले, नाक जवळजवळ बोर्डाला लावून.

"आता त्याला आवळणारी दांडी लाव. करकरेल, भिऊ नकोस."

दांडी अशी करकरली की धाकटी क्षणभर थांबली. दादाचा हात तिला पुढे चल म्हणाला. दांडी खाचेत बसली.

मेमरी, थंडाव्याचा लेप, वरचा पंखा, तारा. सगळे होईपर्यंत दुपार कलली. बटण दाबले तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. धाकटीचे तोंड उतरले. दादा मात्र निवांत होता.

"नवी मेमरी आहे, पहिल्यांदा ओळख करून घेते. दोन मिनिटं दे."

दोन मिनिटांनी पडद्यावर अक्षरे उमटली. त्यात प्रोसेसरचे नाव होते. दादाने ते मोठ्याने वाचून दाखवले, जणू तिला वाचता येत नव्हते.

मग त्याने मोबाइल काढला आणि उजव्या हाताने नंबर फिरवायला घेतला. दोनदा चुकला. धाकटी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाजूचा पत्रा बसवत होती. तिने मदत केली नाही.

"बेकरीवाले ना? सकाळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. ती पट्टी परत आणा. तुमचा बोर्ड आणि प्रोसेसर बदलावा लागेल... हो, इथेच बसवून मिळेल. आज नाही, पुढच्या शनिवारी या. शनिवारी आमची धाकटी असते दुकानात."

धाकटीला कोणी विचारले नव्हते. तिने शेवटचा स्क्रू पिळून घट्ट केला.

"अकरानंतर सांग," ती म्हणाली. "शनिवारी मी उशिरा उठते."

"अकरानंतर," दादा फोनवर म्हणाला.